सवारीच्या रस्त्यावरचे शिरीष

माझी सगळी नोकरी झाडांबद्दलच्या तक्रारी ऐकण्यात गेली. झाड स्वतः तक्रार करत नाही. ते गुपचूप मरतं, आणि मग त्याच्या वतीने माणसं भांडायला येतात. बडोद्यात सरकारी बागा, रस्त्याकडेची झाडं आणि मोठ्या लोकांची बंगल्यांची आवारं हे आमच्या खात्याचं राज्य होतं. पुण्याला शेतकी शिकून आलो तेव्हा वाटलं होतं, आपण झाडं वाढवणार. पुढे कळलं की निम्मं काम माणसांना समजावण्याचं आहे, आणि ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

नागरवाड्यातल्या एका बाईंचा शेवगा फुलायचा, पण शेंग धरत नसे. त्यांनी खात्याकडे माणूस मागितला. मी गेलो, माती पाहिली, पाणी कमी करा म्हणालो. बाई म्हणाल्या, "ते आम्ही पाहू. तुम्ही फक्त कुऱ्हाड हातात घ्या आणि त्याला दम द्या. घरच्यांना तो जुमानत नाही, सरकारी माणसाला तरी घाबरेल." डोक्यावर पगडी, हातात कुऱ्हाड, आणि समोर शेवगा, असा मी उभा राहिलो आणि "पुढच्या वर्षी शेंग नाही दिलीस तर तोडीन" असं खड्या आवाजात सांगितलं. पुढच्या वर्षी झाड शेंगांनी लवलं. पाणी कमी केल्याने लवलं, असं मी आजही म्हणतो. बाई आजही तसं म्हणत नाहीत.

दुसरे एक सरदार. ते काश्मीरला जाऊन आले आणि तिथले सफेदे पाहून वेडावले. सरळसोट, उंच, पानं वाऱ्यावर चमकणारी ती झाडं त्यांना आपल्या बंगल्याच्या वाटेवर दुतर्फा हवी होती. बडोद्याच्या उन्हाळ्यात ती जगणार नाहीत असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आम्ही जगतो, ती का जगणार नाहीत?" रोपं आली, लागली, पखालींनी पाणी घातलं, दोन पावसाळे चांगली वाढलीही. मग वैशाखात पश्चिमेच्या बाजूची साल भाजली, काळी पडून खचली, कडेने फुटली, आणि आतून आंबूस पाणी झिरपायला लागलं. पावसाळ्यानंतर त्याच जागी बोट जाईल एवढी भोकं दिसली. सरदारांनी शेजाऱ्यावर करणीचा संशय घेतला. शेजारीही सरदारच, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

त्या सफेद्यांनी मला माझा धंदा शिकवला, म्हणून तो इथे सोप्या भाषेत सांगतो. झाडाचा जीव लाकडात नसतो, सालीच्या खालच्या ओल्या पातळ थरात असतो. साल शाबूत आहे तोवर झाडाला सहसा कोणी हात लावत नाही. सालीला जखम झाली, ऊन लागलं, पाणी तुटलं, की त्या जागी बुरशी शिरते. ती साल आतून कुजवते. त्या खचलेल्या काळ्या व्रणाला इंग्रजी पुस्तकांत कँकर म्हणतात, आम्ही सालकूज म्हणायचो. कुजणाऱ्या सालीचा वास लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना दुरून येतो. मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी निघते, तिला आपल्याकडे भिरूड म्हणतात. ती सालीखाली नागमोडी बोगदे खात जाते, मग लाकडात शिरते, आणि शेवटी तिचाच भुंगेरा होऊन भोक पाडून बाहेर पडतो. त्या भोकातून पुन्हा पाणी, पुन्हा बुरशी. बुरशी दार उघडते आणि किडा ते उघडंच ठेवतो. आधी कोण आलं हे ओळखता आलं तर झाड वाचतं. नाही ओळखता आलं तर माणूस डांबराचा डबा घेऊन भोकं बुजवत बसतो आणि झाड मागच्या दाराने मरतं.

हे सगळं कळायला लागल्यावर शिरिषांचं प्रकरण माझ्याकडे आलं. ते झाडांचं प्रकरण नव्हतं. ते जीवणलाल मिस्त्रींचं प्रकरण होतं.

महाराजांची दसऱ्याची सवारी ज्या रस्त्याने जायची, त्यातल्या एका लांब तुकड्यावर दोन्ही बाजूंनी शिरीष होते. थोरल्या पिढीने लावलेले, कमान धरलेले. चैत्र-वैशाखात त्यांच्या फुलांचा वास वाटेने जाणाऱ्याला थांबवायचा आणि हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर अशा खुळखुळायच्या की नवख्या घोड्याने बुजावं. या रस्त्याच्या मध्यावर, एका झाडाच्या सावलीत, मिस्त्रींची सुतारकामाची पडवी होती. जागा सरकारची, परवानगी जुनी. मिस्त्री दारं-खिडक्या करायचे, पण त्यांचं नाव होतं पाळण्यांसाठी. पारणुं म्हणा, पाळणा म्हणा, बडोद्यातल्या किती घरांत पहिलं मूल मिस्त्रींच्या पाळण्यात निजलं असेल याचा हिशेब नाही. त्यांच्या पाळण्याला कडी वाजत नसे. मूल जागं होत नाही, आई जागी राहत नाही, असं ते म्हणायचे.

एका साली रस्त्याच्या एका टोकाचे शिरीष वाळले. पुढच्या साली त्यांच्यापुढचे. मग त्यांच्यापुढचे. ओळीने, जणू कोणी हजेरी घेत चाललं आहे. प्रत्येक वाळलेल्या झाडाच्या खोडावर भोकं, आणि भोकांतून ओला भुसा. वाळलेली झाडं खात्यातर्फे लिलावात जायची आणि लाकूड जवळ पडतं म्हणून त्यातली बरीच मिस्त्रीच घ्यायचे. शिरिषाचं लाकूड सुताराला प्रिय. आता एवढ्या गोष्टी एका जागी जमल्यावर लोकांनी दोन आणि दोन पाच केले, यात नवल नाही.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. हिरवं झाड गुपचूप मारायचं असेल तर खोडाला गिरमिटाने भोक पाडायचं आणि त्यात हिंग भरायचा. हे खरं आहे का, मला अजून माहीत नाही. कोणी करून दाखवलेलं नाही. पण विचारा कोणालाही, त्याच्या मामाच्या गावात असं झालेलं असतं. मिस्त्रींकडे गिरमिट होतंच. हिंग कोणाच्याही घरी असतो. झालं.

आरोप पहिल्यांदा उघडपणे केला तो दादासाहेबांनी. दादासाहेब म्हणजे राज्यात मोठ्या हुद्द्यावर राहून निवृत्त झालेले गृहस्थ, त्याच रस्त्यावर बंगला. त्यांच्या फाटकासमोरचा शिरीष आजारी पडला. त्या झाडाला त्यांच्या दिवंगत पत्नींनी पहिली काही वर्षं स्वतः पाणी घातलेलं होतं. दादासाहेब कडक होते पण खोटे नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांच्या घरातलं कोणीतरी मारलं जात आहे. त्यांनी भोकाला नाक लावलं, दीर्घ श्वास घेतला आणि शिंकांवर शिंका दिल्या.

"हिंग!" डोळे पुसत ते म्हणाले. "सुताराला बोलवा."

शिरिषाचा भुसा नाकात गेला की कोणीही शिंकतो. करवतीवर बसणारे लोक म्हणून तर तोंडाला फडकं बांधतात. पण हे दादासाहेबांना कोण सांगणार? त्यांच्या मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी भोक हुंगलं, सगळे शिंकले, आणि पुरावा पाचपट झाला. आमचा मुख्य माळी छगन, तोही शिंकला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी भोकांत ताक ओतायला लागला, हिंगाला उतारा म्हणून.

मिस्त्रींवर फिर्याद झाली नाही. त्यापेक्षा वाईट झालं. पडवी हलवण्याची नोटीस का देऊ नये, असं त्यांना विचारण्यात आलं, लिलावात बोली लावायला मनाई झाली, आणि पाळण्यांची कामं बंद पडली. हिरवं झाड मारणाऱ्या हाताचा पाळणा कोण आपल्या घरी बांधणार? लोक भांडले नाहीत. नुसते यायचे थांबले. मिस्त्री एकदा माझ्या कचेरीत आले. ते माझ्याशी मराठी बोलायचे, अधूनमधून गुजराती घालून.

"साहेब, माताजीना सोगन घेऊन सांगतो. हिंग तो मी दाळमांय कमी घालतो. झाडाला कशाला घालू?"

"लिलावात लाकूड तुम्हीच घेता, असं लोक म्हणतात."

"घेतो. मरेलुं झाड घेतो. मरेलुं झाड कोणी तरी घेणारच ना? स्मशानात लाकडं विकतो तो काय माणसं मारतो?" मग त्यांचा आवाज उतरला. "नोटीस आली तर पडवी दुसरीकडे घालीन. पण पाळणा परत कोण सांगणार, ते बोला."

घरी हकीकत सांगितली तेव्हा सौ. म्हणाली, "एवढा हिंग झाडांना भरायला तो काय हिंग विकणाऱ्या काबुल्याचा जावई आहे? आमटीपुरता घेताना इथे जीव जातो." बडोद्यात त्या प्रकरणावर एवढं सरळ बोललेलं मी दुसरं काही ऐकलं नाही.

आमचे वरिष्ठ, ज्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, त्यांनी मला चौकशीचं काम दिलं. झाडं कशाने मरतात ते शोधा, दसऱ्याच्या आत. मिस्त्रींचं काय करायचं ते त्यावर ठरणार होतं.

पहिली चूक मीही तीच केली जी सगळे करतात. भोकं दिसली म्हणून किड्याच्या मागे लागलो. तारेने अळ्या टोचून काढल्या, घासलेटात बुडवलेला कापूस कोंबला, वरून माती लिंपली. अळ्या मेल्या आणि झाडंही मेली. सफेद्यांची आठवण झाली ती तेव्हा. तिथे किडा शेवटी आला होता.

मग छगनला बरोबर घेऊन मी एक साधी गोष्ट केली, जी कोणी केली नव्हती. खोडं खरवडली. सवारीच्या रस्त्यावरच्या झाडांना दरवर्षी दसऱ्याआधी चुना आणि वर गेरूचा पट्टा लावायची पद्धत होती. हत्तीवरून जाणाऱ्याला रस्ता नवाकोरा दिसावा म्हणून. वर्षानुवर्षांचा तो रंग पापुद्र्यांनी साठला होता. त्याखाली साल कशी आहे, हे आमच्या खात्यात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही आमची झाडं ओळखत होतो ती गेरूपर्यंत.

रंग खरवडल्यावर खालून काळे, खचलेले व्रण निघाले. आणि ते कुठेही नव्हते, विशिष्ट जागी होते. फांदी तोडल्याच्या खुंटापासून प्रत्येक व्रण सुरू व्हायचा आणि पाण्याच्या ओघळासारखा खाली यायचा. भिरुडाची भोकं त्या व्रणाच्या खालच्या भागात. जिथे फांदी तोडलेली नव्हती तिथली साल ताठ, हिरवी, आणि भोक एकही नाही.

आता या फांद्या तोडायचं कोण आणि कधी? आम्हीच. सवारीत हत्ती, हत्तीवर अंबारी, अंबारीवर कळस. वाटेत एक फांदी जरी कळसाला लागली तरी अनर्थ. म्हणून भाद्रपदात पिलखान्यातून, म्हणजे सरकारी हत्तीखान्यातून, एक जमादार यायचा, बैलगाडीवर अंबारीच्या उंचीचा बांबू उभा बांधलेला असायचा, आणि गाडी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवली जायची. बांबूला जी फांदी अडेल तिच्यावर गेरूची खूण. मागून आमचे माळी कोयते घेऊन. एका झाडावरून उतरले की दुसऱ्यावर, तेच कोयते, तोच क्रम, दरवर्षी. पावसाळा संपत आलेला, हवा ओली, खुंट ओले, भुंगेरे उडण्याचे दिवस. कोयत्याला लागलेली कुजकी साल पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत. आणि वरून चुना-गेरू, म्हणजे काही दिसायला नको.

मी शेजारच्या गल्लीतले शिरीष पाहून आलो. त्याच वयाचे, त्याच मातीतले. तिथून सवारी जात नव्हती म्हणून तिथे बांबू जात नव्हता. ते सगळे धडधाकट होते. झाडं ओळीने का मरत होती, हे आता उघड होतं. बांबूची गाडी ज्या बाजूने निघायची, त्या बाजूने मरत होती. लोक म्हणत होते की हे माणसाचं काम आहे, आणि ते खरंच होतं. माणूस तेवढा त्यांनी चुकीचा धरला होता.

छगनला हे पटायला वेळ लागला. तो खुंटाकडे पाहत म्हणाला, "साहेब, आपडे तो साफसफाई करता हता." आम्ही तर साफसफाई करत होतो. मी म्हणालो, "होय, आणि फार नेटाने."

दादासाहेबांच्या आवारात खुलासा ठरला. त्यांच्या झाडाची एक वाळलेली जाड फांदी तिथेच आडवी घातली होती. रावसाहेब खुर्चीवर, दादासाहेब खुर्चीवर, बाकी मंडळी उभी, आणि मिस्त्री फाटकाशी, आत या म्हटल्याशिवाय न येणारे. मी बाहेरून दुसरे करवतवाले आणले होते, म्हणजे मिस्त्रींनी काही हातचलाखी केली असं कोणी म्हणू नये.

आधी मी भोकाला काडी लावून दाखवली. म्हणालो, "दादासाहेब, हे भोक गोल नाही. लंबगोल आहे. गिरमिटाने लंबगोल भोक पाडून दाखवणारा सुतार मिळाला तर मी त्याला पगार देईन."

दादासाहेबांनी चष्मा सावरून पाहिलं. मिस्त्री तिथूनच म्हणाले, "हे माझ्या ध्यानमां कसं नाही आलं!" त्यांना खरोखर राग आला होता, स्वतःचा. इतके महिने ते देवाची शपथ घेत फिरत होते, पण स्वतःच्या हत्याराचं भोक कसं पडतं हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. अपमान झालेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

करवत फिरली. आत बोगदा होता, भुशाने ठासलेला, सुरुवातीला बारीक आणि पुढे रुंद होत गेलेला. शेवटच्या पोकळीत बोटाएवढी जाड, पांढरी, दुमडलेली अळी. मंडळी मागे सरली. मिस्त्री मात्र पुढे आले, त्यांनी ती अळी तळहातावर घेतली आणि निरखून पाहिली.

"तर हा माझा भागीदार," ते म्हणाले.

सगळे हसले. रावसाहेबही हसले. मिस्त्री हसले नाहीत आणि दादासाहेबही नाहीत. दादासाहेब मुरलेले अधिकारी होते. ते मुद्द्यावर आले.

"किडा मान्य. पण किडा ओळीने कसा जातो? पहिलं झाड, दुसरं झाड, तिसरं झाड. किड्याला काय पत्ता दिलेला आहे?"

बरोबर हाच प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रावसाहेब म्हणाले, "किडा ओळीनेच जातो, दादासाहेब. जवळचं झाड सोडून तो लांब कशाला जाईल?" आणि खुर्चीवरून उठले. उठल्यावर बैठक संपते.

वाटेत मी त्यांना खरवडलेल्या खोडांची, खुंटांची, बांबूची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "विनायकराव, तुमचं म्हणणं मला पटलं. पण तुम्ही काय लिहिणार? सवारीसाठी होणाऱ्या छाटणीने झाडं मेली, असं? दसऱ्याच्या तोंडावर? त्यात पिलखाना आला, आपण आलो, आणखी कोण कोण येईल. किडा लिहा. किड्याला घरदार नाही, तो उलटून काही म्हणत नाही. सुतार सुटला म्हणजे झालं ना तुमचं? छाटणीचं पुढच्या वर्षीपासून मी पाहतो."

सुतार सुटला म्हणजे झालं, हे मलाही त्या दिवशी पटलं. मी किडा लिहिला. ते खोटं नव्हतं.

रावसाहेबांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षापासून छाटणी माघात व्हायला लागली, कोरड्या हवेत, फांदी मुळाशी नीट तासून. कोयते प्रत्येक झाडानंतर फिनेलात बुडवायचे, खुंटाला डांबर लावायचं, खोडाला चुना-गेरू बंद. बांबू अंबारीपेक्षा चार हात उंच घेतला, म्हणजे मधल्या महिन्यांत फांदी वाढली तरी कळसाला लागू नये. जमादाराला वाटलं की नवा मोठा हत्ती येणार आहे. त्याने तसं पिलखान्यात सांगितलंही. चार-पाच वर्षांत रोग थांबला. दादासाहेबांचा शिरीष वाचला नाही, पण त्यापुढचे सगळे वाचले आणि आजही उभे आहेत. त्या रस्त्याने जाताना मला बरं वाटतं, हे लपवत नाही. माझ्या हातून नोकरीत जे थोडं काही टिकाऊ झालं, त्यात ते शिरीष आहेत.

मिस्त्रींना नोटीस द्यायचं रद्द झालं. लिलावाची मनाईही उठली. कागदावर ते पूर्ण निर्दोष झाले. फक्त एक अडचण राहिली. दादासाहेबांच्या आवारात ज्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तो प्रश्न गावाला माहीत होता. किडा ओळीने कसा जातो? लोक मूर्ख नसतात. सरकारी खुलाशात भोक असेल तर त्यांना ते बरोबर सापडतं, आणि मग त्यात जे त्यांच्याजवळ असेल ते ते भरतात. झाडं ओळीने मेली म्हणजे माणसाने मारली; सुतार साहेबांचा ओळखीचा म्हणून सुटला. मला हे कळत होतं. पण बदली, बढती, दुसऱ्या बागा, दुसरी झाडं यांत वर्षं गेली. मिस्त्रींनी पडवी स्वतःहून सोडली आणि ते समा गावाच्या बाजूला राहायला गेले, एवढं कानावर आलं होतं.

मी निवृत्त झालो त्या साली आमच्या मुलीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण, माहेरी. पाळणा करायचा होता. मी म्हणालो, मिस्त्रींकडून करून घेऊ.

सौ. म्हणाली, "दुसरा कोणी नाही का?"

"तूच ना म्हणाली होतीस, काबुल्याचा जावई म्हणून?"

"म्हणाले होते. त्याने काही केलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही करवत लावून दाखवलंत, तेही ठाऊक आहे. पण पाळणा आहे हो."

पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता टांगा केला आणि समा गावी गेलो. तिथे वडाच्या पारावर बसलेल्यांना विचारलं, जीवणलाल मिस्त्री कुठे राहतात? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुतार, म्हातारे, बडोद्याहून आलेले, अशा खुणा मी सांगत राहिलो. मग एक बाई घागर उतरवून म्हणाली, "कोण, पेलो हिंगवाळो?" आणि सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं.

"होय, तेच," मी म्हणालो.

मिस्त्री अंगणात रंधा मारत होते. थकले होते, पण हात तोच होता. माझ्यासाठी खाट टाकली, चहा ठेवायला सांगितला. झाडांची चौकशी केली. रोग थांबला हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. "छाटणी बदलली ना?" ते म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. छगनने सांगितलं असावं. मला त्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी ते माझ्या तोंडावर पाहिलं आणि विषय बदलला. मग मी कामाचं सांगितलं. पाळणा हवा आहे, पहिल्या नातवंडासाठी.

त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"पाळणा नको सांगू, साहेब. बीजुं काय पण सांगा. कपाट सांगा, पाट सांगा."

"मला पाळणाच हवा आहे. तुमच्याच हातचा."

"उद्या पोराला साधी छींक आली ना, तरी लोक माझं नाव घेणार. तुमच्या घरातली माणसं पण घेणार. त्यांचा दोष नाही." त्यांनी रंध्यातला भुसा झटकला. "आणि मला ते नाही ऐकायचं. दुसऱ्याचं ऐकलं, तुमच्या घरचं नाही ऐकणार."

चहा आला, तो प्यायलो. निघताना ते टांग्यापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पाळणे मी अजून करतो, साहेब. धंदो तो धंदो. लहरीपुऱ्यात एका वेपाऱ्याला देतो. बाहेरगावचा माल म्हणून विकायचा, माझं नाव काढायचं नाही, असं बोलीमध्ये आहे. कठड्यावर कोरलेल्या कमळाची पाटी असलेला घ्या. पण बाईसाहेबांना सांगू नका."

मिस्त्री गेल्या साली वारले, म्हणून हे छापायला आता हरकत नाही. तोवर मी शब्द पाळला.

त्याच संध्याकाळी सौ.ला घेऊन लहरीपुऱ्यात गेलो. दुकानात पाळणे टांगलेले होते. कमळाची पाटी असलेला मी दाखवला नाही, तिनेच तो निवडला. कुठला म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, बाहेरगावचा. तिने कठड्यावरून हात फिरवला, झोका देऊन पाहिला, कान लावला. कडी वाजली नाही.

"चांगल्या माणसाच्या हातचा दिसतो," ती म्हणाली.

मी होय म्हणालो, आणि हमालाला हाक मारली.